लांबच्या बाईचं मासिक

फॅशनचं मासिक राजधानीतल्या बाईसाठी जन्माला आलं नाही. तिला त्याची गरजच नव्हती. यंदा बाह्या फुगल्या की आखडल्या, हे पॅरिसची बाई रस्त्यात बघत होती. अडलं होतं ते दूर गावी राहणारीचं. १६७२ साली झाँ दोनो द व्हिझे या लेखकाने ‘मर्क्युर गालाँ’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा त्याने मजकुराला पत्राचा घाट दिला. पॅरिसमधून गावाकडच्या एका बाईला लिहिलेली पत्रं. दरबारातली लग्नं, मृत्यू, नाटकं, कविता, भानगडी, आणि त्याच ओघात यंदा कोणतं कापड चालतंय, कोणती फीत मागे पडली. साडेतीनशे वर्षांत छपाई बदलली, कॅमेरा आला, मोबाईल आला, पण धंद्याचा पाया तोच राहिला. फॅशन मासिक म्हणजे लांबच्या बाईला आलेलं पत्र.

म्हणून या प्रकरणात पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो येतील जातील, मुक्काम मात्र कवठे येमाईला आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचं हे गाव. येमाईचं देऊळ, शेतीभाती आणि तमाशाचं वेड. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही संपादकाला विचारलं, तुमच्या मासिकाची वाचक कोण, तर त्याच्या डोळ्यांपुढे या गावची बाई येणार नाही. व्याख्येप्रमाणे पाहिलं तर पत्र तिलाच यायला हवं होतं. ते कुठे अडलं, आणि न आल्याने तिचं काय बिघडलं, हा या प्रकरणाचा विषय.

सुरुवातीच्या मासिकांना एक गोष्ट नीट कळली होती. लांबच्या बाईला नुसतं चित्र दाखवून भागत नाही, तिला ते करून बघायचं असतं. लंडनच्या ‘लेडीज मॅगझीन’ने १७७०पासून अंकासोबत भरतकामाचे नमुने द्यायला सुरुवात केली. आज ते अंक संग्रहालयांतून सापडतात, पण नमुन्याची पानं बहुतेक अंकांत नसतात. बायकांनी ती काढून घेतली, कापडावर ठेवली, गिरवली, संपवली. संग्राहक हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. पान नसणं हीच ते वाचलं गेल्याची पावती.

अमेरिकेत १८३०मध्ये फिलाडेल्फियाहून निघालेलं ‘गोडीज लेडीज बुक’ १८६०च्या सुमारास दीड लाख प्रतींपर्यंत पोचलं होतं. त्याच्या संपादक सारा जोसेफा हेल. अंकातल्या वेशभूषेच्या चित्रांना बायका एकेक करून हाताने रंग भरत. एखादीचा निळा संपला तर पुढच्या प्रतींत झगा वेगळ्या रंगाचा निघे. पण चित्रावरून झगा शिवायचा कसा? माप कुठून आणायचं? हा प्रश्न सोडवला मॅसॅच्युसेट्समधल्या एबनेझर बटरिक या शिंप्याने. १८६३मध्ये त्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. घरोघरी शिवणयंत्र पोचू लागलं होतं. कागद आला आणि कोणत्याही खेड्यातल्या बाईला शहराचा कपडा घरी शिवता येऊ लागला. बर्लिनच्या ‘डी मोडेनवेल्ट’ने १८६५पासून अंकातच नमुन्यांचे तक्ते दिले आणि त्याच्या आवृत्त्या युरोपभरच्या भाषांत निघाल्या.

या घराण्यातली सर्वात कर्तबगार बाई म्हणजे एने बुर्डा. जर्मनीतल्या ऑफेनबुर्गमधून तिने १९५०मध्ये ‘बुर्डा मोडेन’ सुरू केलं. युद्धात देश बेचिराख झालेला, दुकानात कपडे नाहीत, हातात पैसा नाही. तिने अंकात कापणीचे तक्ते घातले. एकाच मोठ्या कागदावर वेगवेगळ्या कपड्यांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या. आपली रेघ शोधून, पातळ कागदावर उतरवून, त्याप्रमाणे कापायचं. अनभिज्ञ माणसाला तो कागद म्हणजे गुंता वाटतो, पण लाखो बायकांनी तो सोडवला. १९८७मध्ये त्याची रशियन आवृत्ती मॉस्कोत निघाली. सोव्हिएत बाईजवळ कौशल्य होतं, कापडही कसंबसं मिळे, नमुना मिळत नव्हता.

जपानची तऱ्हा आणखी वेगळी. ‘कुराशी नो तेचो’ हे मासिक १९४८मध्ये निघालं. हानामोरी यासुजी संपादक, ओहाशी शिझुको प्रकाशक. हरलेल्या देशात नवं कापड कुठून येणार? त्यांनी वाचकांना शिकवलं की जुन्या किमोनोचं कापड सरळ रेघेत कापून रोजचे कपडे कसे शिवावेत. पुढे हे मासिक घरगुती यंत्रांची कसून परीक्षा घेऊन निकाल छापू लागलं, आणि कुणाची भीड पडू नये म्हणून ते जाहिराती घेत नसे. जुन्या लुगड्याचं परकर-पोलकं, त्याचं पुढे दुपटं आणि शेवटी गोधडी, हा हिशेब आपल्याकडे घरोघरी होता. त्याचं कुणी मासिक काढलं नाही, एवढंच.

मग पत्र बदललं कधी? तारीखच सांगायची तर १९०९. ‘व्होग’ १८९२पासून न्यूयॉर्कच्या उच्चभ्रूंचं साप्ताहिक म्हणून चाललं होतं. ते त्या वर्षी कॉन्डे नास्ट या जाहिरातीच्या धंद्यातून आलेल्या माणसाने विकत घेतलं. त्याचं गणित साधं आणि भेदक होतं. वाचक जास्त नकोत, योग्य हवेत. ढीगभर सुयांतून सोन्याच्या टोकाच्या सुया वेचायला जाहिरातदाराला खर्च येतो. मी त्या आधीच वेचून ताटात देतो, असा त्याचा युक्तिवाद. तेव्हापासून चकचकीत मासिकांचा खरा माल मजकूर राहिला नाही. वाचक हाच माल झाला. अंकाची किंमत छपाईचा खर्चही भागवत नाही. पैसा येतो तो वाचकाकडे नजर लावून बसलेल्या जाहिरातदाराकडून. ज्या बाईच्या खिशात काही नाही तिला अंक पाठवणं म्हणजे मग तोटाच. लांबच्या बाईचं नाव पत्त्यावरून खोडलं गेलं ते इथे.

भारतात ‘फेमिना’ १९५९मध्ये निघालं, ‘एल’ १९९६मध्ये आलं, ‘व्होग’ २००७मध्ये. ‘व्होग’ची इथली आवृत्ती वर्षाची होते न होते तोच, ऑगस्ट २००८च्या अंकात एक चित्रमालिका छापून आली. साधी, गरीब घरची माणसं आणि त्यांच्या अंगाखांद्यावर महागड्या वस्तू. एका बाईच्या कडेवरच्या बाळाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं, किंमत सुमारे शंभर डॉलर. एका माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री, सुमारे दोनशे डॉलर. मोटारसायकलवर दाटीवाटीने बसलेलं कुटुंब आणि बाईकडे एर्मेसची पर्स, जी दहा हजार डॉलरच्या खाली मिळत नाही. देशात-परदेशात टीका झाली. संपादकांचं म्हणणं, फॅशन आता श्रीमंतांची मक्तेदारी नाही, एवढं मनावर घेऊ नका. मला स्वतःला गरिबीपेक्षाही दुसरी गोष्ट खटकते, आणि ती तेव्हाही काहींनी दाखवून दिली होती. चित्राखाली वस्तूचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. छत्री कुणाची बनावट हे छापलं. छत्री धरणारा फक्त ‘एक माणूस’.

मराठीत गोष्ट वेगळ्या दिशेने गेली, आणि तिचं मूळ नांगरात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना चालवला. कारखान्याचं वार्तापत्र म्हणून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. वार्तापत्राचं मासिक झालं, आणि १९३०मध्ये त्यांनी ‘स्त्री’ काढलं. म्हणजे मराठीतलं बायकांचं सर्वात वजनदार मासिक मुंबईच्या कापडबाजारात जन्मलं नाही, ते नांगराच्या कारखान्याशेजारी जन्मलं. त्यात विणकाम होतं, पाककृती होत्या, पण जोर होता तो शिक्षण, लग्न, संततिनियमन, हुंडा यांवर. मराठी मध्यमवर्गाला कपड्यांबद्दल उघड बोलायला तेव्हा संकोच वाटे. नटणं हे थिल्लरपणात जमा. ‘स्त्री’ने बाईला विचार करायला लावलं, आणि ते थोर काम आहे. मात्र त्याच हिशेबात कपडा दुय्यम ठरला. दंडाला काचणारी बाही, उन्हातान्हात घामाने अंगाला चिकटणारं कापड, याही बाईच्याच गोष्टी आहेत, हे मराठी विचारी मासिकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

अपवाद शिरूरचा. बाळूताई खरे यांचं बालपण घोडनदीत, म्हणजे शिरूर गावातच गेलं. घरचा दुधाचा व्यवसाय होता. पुढे त्या हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि विभावरी शिरूरकर ही कोण बाई, म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्या या बाळूताईच, नंतरच्या मालती बेडेकर. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३१मध्ये, त्यांनी स्वतःच्या नावाने ‘अलंकार-मंजूषा’ हे दागिन्यांवरचं पुस्तक लिहिलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. बंडखोर कथांना टोपणनाव लागलं, दागिन्यांना लागलं नाही. पण दोन्ही लिहिणारी बाई एकच, आणि दागिना हा अभ्यासाचा विषय आहे हे तिला पटलेलं होतं. आपल्या साहित्येतिहासात कथांना प्रकरण मिळतं, दागिन्यांच्या पुस्तकाला यादीतली एक ओळ.

‘स्त्री’ नंतर पुण्याला गेलं. १९६४मध्ये तिथे रुजू झालेल्या विद्या बाळ १९८३ ते १९८६ संपादक होत्या. १९८९मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. खेड तालुक्यातल्या ढोरे भांबुरवाडीत ग्रामीण बायकांसोबत त्यांनी कामही केलं. दुसऱ्या टोकाला ‘माहेर’, ‘अनुराधा’, आणि दिल्ली प्रेसच्या ‘गृहशोभा’चं मराठी रूप ‘गृहशोभिका’. ही मासिकं खेड्यात पोचत ती वर्गणीने क्वचितच. मुंबईला नोकरीला असलेल्या दिराकडून, मे महिन्यात आलेल्या जावेच्या पिशवीतून, शाळेतल्या बाईंकडून, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून, नाहीतर गावच्या वाचनालयातून. अंक दोन वर्षं जुना असला तरी कुणाचं अडत नसे. स्वेटरची वीण शिळी होत नाही.

पण कपड्याची खबर गावाला मासिकाआधी दुसरीकडून मिळत होती. कवठे येमाईत ती मिळत होती तमाशातून. इथले लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशा फडांसाठी हजारो गाणी लिहिली, वगनाट्यं लिहिली. राज्य सरकारने त्यांना २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१मध्ये ते गेले. जवळच्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. या फडांची शोभा म्हणजे नऊवारी, जरीचा पदर, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा, पायात चाळ. पुढे रंगबाजीत सिनेमाची गाणी शिरली आणि त्यासोबत सिनेमाचे कपडेही. मुंबईच्या पडद्यावर जे होतं ते एका हंगामात यात्रेच्या कनातीत येई. तमाशातल्या बाईसारखं नेसायचं नाही, असा गावच्या घरंदाज बाईला धाक होता. पण बघायचं नाही असं कुणी म्हटलं तरी खबर घरात पोचायचीच. वरवर नाकारलेली आणि मनात टिपून ठेवलेली फॅशन हा एक वेगळाच प्रकार आहे, त्याला मासिकात सदर नसतं.

आता छापील मजकुराने या गावांवर खरंच काय केलं ते पाहू, आणि हा मराठीतला सर्वात मोठा दाखला आहे. २००३-०४च्या सुमारास, भारतकुमार राऊत संपादक असताना, ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली. रंग बव्हंशी वारांवरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. धर्मग्रंथातून आलेली ही प्रथा नव्हे, वर्तमानपत्रातून आलेली आहे. बायकांनी त्या रंगाच्या साड्या नेसून कचेरीत, लोकलमध्ये, शाळेत घोळक्याने फोटो काढले आणि वर्तमानपत्राने ते छापले. बाकीच्या वर्तमानपत्रांनी उचललं. काही वर्षांत ते बँकेत, अंगणवाडीत, बचतगटात, तालुक्याच्या पंचायत समितीत शिरलं. नवरात्र हा तर येमाईसारख्या देवींच्या गावांचा मुख्य सण. मुंबईतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ठरलेला रंग आज देवीलाही नेसवला जातो आणि ओटी भरायला रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या अंगावरही दिसतो.

हे का चाललं? खर्च करायला लावलं नाही म्हणून. लाल, पिवळी, हिरवी साडी प्रत्येकीच्या घडवंचीवर असतेच. करडीसाठी शेजारणीकडे जावं लागतं, तेवढंच. दुसरं कारण त्याहून मोठं. फोटो वाचकांचे होते आणि ठिकाणासह, नावासह छापले जात होते. नास्टने वाचक विकला, ‘व्होग’ने गरीब माणूस बिननावाचा छापला, इथे एका मराठी वर्तमानपत्राने वाचक बाईलाच पानावर उभं केलं. सण बाजाराने ताब्यात घेतला, कंटाळवाणा एकसारखेपणा आला, जिच्याकडे त्या रंगाची साडी नाही तिला ओशाळं वाटू लागलं, असे आक्षेप आहेत आणि ते खरेही आहेत. तरी छापील कागदाने इतक्या बायकांना एका दिवशी एका रंगात आणल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

दूरदर्शन संचाचा मार्गही असाच. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने पैठणी हा घराघरातला शब्द केला. पुढे गावोगावी, विशेषतः निवडणुका जवळ आल्या की, हळदीकुंकवाला जोडून ‘खेळ पैठणीचा’ रंगू लागले. इच्छुक उमेदवार खर्च करतात आणि बायका उखाणे घेऊन, फुगे फोडून साडी जिंकतात. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३मध्ये आली आणि सराफांकडे तिच्या नायिकेचं, ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ मागितलं जाऊ लागलं. सोनाराने कुठलं मासिक चाळलेलं नसे, गिऱ्हाईक बाईने हाताने दाखवलेला आकार त्याला पुरे.

आणि जी फॅशन कुणीच सुचवली नाही ती सर्वात टिकली. गाऊन. काही ठिकाणी मॅक्सी म्हणतात. झोपताना घालायचा कपडा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात दिवसभराचा पोशाख झाला. दार वाजलं, दूधवाला आला, किराणा आणायला जायचं असलं की खांद्यावरून टॉवेल किंवा ओढणी टाकायची. स्वस्त, सैल, धुवायला सोपा, लहान मूल असलेल्या बाईला सोयीचा, शेळी सोडायला आणि चुलीपुढे बसायला हरकत नाही. नऊवारीतून पाचवारीत येताना जी चर्चा झाली असेल तिच्या शतांशही चर्चा गाऊनची झाली नाही. माझ्या मते गेल्या चाळीसेक वर्षांत मराठी बाईच्या वेशात झालेला सर्वात मोठा बदल हाच आहे, आणि तो एकाही मुखपृष्ठावर आलेला नाही.

मासिकांची घसरण आता जगभर चालू आहे. ‘टीन व्होग’चा छापील अंक २०१७मध्ये थांबला, अमेरिकेतलं ‘ग्लॅमर’ २०१९मध्ये छापील मासिक म्हणून बंद झालं. खेड्यात हे कुणाला जाणवलंही नाही. शिंप्याच्या दुकानातलं ब्लाउजच्या गळ्यांचं पुस्तक, मागची नॉट, फुगा बाही, बोटनेक असे शेकडो फोटो असलेलं आणि कोपरे झडलेलं, हेच इथलं मासिक होतं. आता त्याची जागा मोबाईलने घेतली आहे. बाई फोन पुढे करते आणि म्हणते, असा गळा पाहिजे, पण एवढा खोल नको. ‘एवढा खोल नको’ हे संपादन आहे. लंडनच्या बाईने नमुना फाडून घेतला, मॉस्कोच्या बाईने रेघ गिरवली, कवठ्याची बाई गळा दोन बोटं वर घ्यायला सांगते. मासिकाने सांगितलं म्हणून तसंच नेसणारी आज्ञाधारक वाचक टीकाकारांच्या लेखांत फार भेटते. शिवणयंत्रापाशी ती मला दिसलेली नाही.

या वाचकांचा इतिहास लिहायचा तर साधनं लागतील, आणि ती पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांत मिळणार नाहीत. तिथले अंक फार स्वच्छ आहेत. तुमच्या माळ्यावर ‘स्त्री’, ‘माहेर’, ‘गृहशोभिका’चे जुने अंक असतील, आजीने विणीचं पान कापून घेतलेले, समासात टाके मोजलेले, हळदीचे डाग पडलेले, तर ते रद्दीत घालू नका. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात द्या, आणि पहिल्या पानावर ते वाचणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून द्या.